उंबऱ्यावर ठेवलेलं नाव

हातखंबा
४ मे २०२५

पू. भन्ते यांस,
मृणालीचे त्रिवार वंदन वि. वि.

धाकट्या भावाला असं लिहिताना हसू येतं. थोड्या दिवसांपुरतं भिक्खू व्हायचं, तरी श्रामणेर शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून पत्र.

तू चीवर घेतलंस तेव्हा आई तुझ्या पाया पडली. त्यानंतर तिने तुझं नाव उच्चारलेलं नाही. चीवर उतरवून आलेल्या मुलाला उंबऱ्यातून पहिली हाक आईनेच मारायची, तोवर नाव घ्यायचं नाही, त्या हाकेनेच तो पुन्हा घरचा होतो, ही वाडीची रीत ती काटेकोर पाळते आहे. पण तू येशील ना, असं रोज विचारते. बाबा गेल्यापासून तिला तूच आहेस. मी उसनी.

तुझी (की आपली?)
मृणालीताई


बुरोंडी
९ मे

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

श्रामणेराने तुला वंदन करायचं नसतं म्हणे, म्हणून जयभीमवर भागव.

इथे श्रीलंकेचे एक वृद्ध भन्ते आहेत. ते इंग्रजीत बोलतात आणि मला 'व्हेनरेबल' म्हणतात. मी मागे वळून बघतो, कुणी मोठं माणूस आलं की काय. तू इंग्रजीची बाई, अर्थ कळव.

इथे शांत वाटतं. शिबिरानंतर इथेच राहावं असं मनात येतं. आईला सांगू नको.

तुझा
प्रज्ञेश


हातखंबा
१४ मे

पू. भन्ते यांस,
वंदन वि. वि.

व्हेनरेबल म्हणजे वंदनीय. इंग्लंडच्या चर्चमध्ये तो एका धर्माधिकाऱ्याचा किताब. कॅथलिक तो मेलेल्यांना देतात, संतपदाच्या आधीची पायरी म्हणून. तुम्हा लोकांना जिवंतपणीच मिळतो. चैन आहे.

आता खरं सांग. तू शिबिरातून बाहेर पडतोस का? रोज सकाळी घरापुढच्या खळ्यात एक श्रामणेर उभा असतो. हातात पात्र, नजर खाली. आई भात वाढते. मी पडवीतून पाहिलं, हनुवटीवरचा व्रण तुझाच. बोलत नाही. सुक्या पाचोळ्यावरून जातो, पण आवाज होत नाही. धम्म घेतलेल्या घरात असलं भुताखेताचं लिहू नये, कळतं मला.

आई म्हणते, माझाच आहे, फक्त नाव घ्यायचं राहिलंय.

वेळेवर उत्तर दे.
ताई


बुरोंडी
१९ मे

ताई,

मी इथून हललेलो नाही. वृद्ध भन्तेंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, घरी कुणी त्याला नावाने हाक मारली का.

तुझं पत्र वाचून हनुवटी चाचपली. व्रण सापडला नाही.

राहण्याचा विचार सोडला. चीवर परत करून रविवारी निघतो. आईला सांग, तोवर नाव घेऊ नको. ते माझ्यासाठी ठेव.

प्रज्ञेश


हातखंबा
२३ मे

सा. न. वि. वि.

पत्र काल दुपारी पोचलं. आईने सकाळीच हाक मारली होती. उन्हात किती उभा राहशील, आत ये, असं नाव घेऊन म्हणाली. त्याने मान वर केली, पाय धुतले, उंबरा ओलांडला.

आता बाबांचा सदरा घालून पडवीत झोपला आहे. आईने बांगड्याचं तिखलं केलं, त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. विहिरीत पडलेल्या माझ्या चपलेची गोष्ट त्याने सांगितली. ती आपल्या दोघांनाच ठाऊक होती. आई हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

येऊ नका असं मला लिहवत नाही. या असंही लिहवत नाही. तिच्याकडे एकच हाक होती.

पाकिटावर काय लिहावं कळेना. शेवटी 'व्हेनरेबल' लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

जिथे असाल तिथून आमच्यावर माया असू द्यावी.

मृणाली