पांढरा कोट आणि आइस्क्रीमचे डबे

६ जुलै, सोमवार
काल कम्युनियनचा रविवार. सगळं चर्च पांढऱ्या कपड्यांत. आणि ह्यांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. मागच्या नऊ बाकांनी पाहिला. नणंदबाई सलाफाई बाहेर येऊन म्हणाल्या, वहिनी, माझ्या भावाला, फिलेमोनीला जंगलातून फरफटत आणलंत की काय? मी हसले. मनाला लावून घेतलं नाही.
सायकलला मडगार्ड हवं. बस्स.

८ जुलै
पाद्रीबाबा येऊन गेले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ह्यांना डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचे मदतनीस करणार! मार्चमध्ये लाकडाची गिरणी बंद झाल्यापासून हे दाढीला हात लावत नव्हते. आज केली. कोणी न सांगता. देवाची कृपा. थोडी माझी प्रार्थनाही.

९ जुलै
वन्सं म्हणाल्या, गाडी बंद आहे ना तुमची, माझ्या गाडीतून या दोघं. नको म्हटलं. दहा वर्षं ऐकवतील. मी चालत जाते. ह्यांचा गुडघा चालू देत नाही, पण भाच्याने ऑस्ट्रेलियाला जाताना ठेवलेली माउंटन बाइक आहेच. मोठ्या रस्त्याला लाकडाचे ट्रक, म्हणून पाइनच्या जंगलातली वाट. कमरेला गुंडाळायचा लावालावा पिशवीत, कोट अंगात. कोटाची घडी घातली तर चुरगळतो. वरून रेनकोट घातला तर घामाने कॉलर पिवळी. सगळा विचार करून झालाय माझा.

११ जुलै
सायकलच्या दुकानात चौकशी केली. तिथली कर्स्टी म्हणाली, पुढचं मडगार्ड बसवताना कोणाला तरी सीटवर बसवून बघा. पुढचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर दबला की चाक चांगलं वीतभर वर येतं. शिवाय चिखलात जागा सुटलेली हवी. विकणाऱ्यांची भाषा मला कळते. मी मॅट्रिक आहे. गणितात वर्गात पहिली होते.

१३ जुलै, दुपार
आइस्क्रीमचे दोन डबे आणि रंगाची एक बादली. सुरी तापवून कापले. सायकल उलटी ठेवून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले. चाक आणि मडगार्ड यांत बरोबर एक बोट. सुबक. हे म्हणाले, बसून बघू का एकदा? म्हटलं, नको, वाकवून ठेवाल.

१९ जुलै, रविवार
कोट स्वच्छ! मडगार्ड यशस्वी. वन्सं म्हणाल्या, आठवडाभर पाऊस कुठे होता? वर म्हणाल्या, घोड्याला लंगोट घातलाय वहिनींनी. बायका हसल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

२६ जुलै
बारीक पाऊस. पाठ स्वच्छ, पण बाहीवर चार शिंतोडे. हे म्हणाले, मुळांवरून जाताना पुढे कर्रकर्र होतं. पाइनचे काटे अडकतात. म्हटलं, हळू चालवा. शिंतोडे उडतात म्हणजे जागा जास्त सुटली आहे. पट्टे आवळले. आता अर्धं बोट.

१ ऑगस्ट
कोटाला इस्त्री. वन्संचा फोन, उद्या मुसळधार आहे, मी येते न्यायला, हट्ट सोडा. हे माझ्याकडे बघत राहिले. नको म्हणून सांगितलं. ह्यांनी तीनदा आरशासमोर बायबल वाचलं, मोठ्याने.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
पहिली घंटा. हे नाहीत. दुसरं स्तोत्र संपलं. पाद्रीबाबांनी दोनदा दाराकडे बघितलं. वन्संच उठल्या.
ओढ्याच्या उतारावर सापडले. पुढचं चाक काट्यांनी आणि चिखलाने गच्च, जागच्या जागी थांबलेलं. हे हँडलवरून पुढे. गळ्याचं हाड मोडलं. पुढचे दोन दात गेले.
कोटाची पाठ मात्र अगदी स्वच्छ. नर्सला दाखवली.

३ ऑगस्ट
मडगार्डचा दोष नाही. पाइनच्या काट्यांचा.

९ ऑगस्ट
पाद्रीबाबा म्हणाले, आम्ही थांबतो, घाई नाही. हेच नको म्हणाले. डीकनला वचन वाचावं लागतं, आणि आता तोंडातून हवा जाते. मी म्हटलं, अहो, दात बसवून घेऊ. हे म्हणाले, तू ठरवलंस ना, मग झालं. आठवड्यात माझ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

१६ ऑगस्ट
बोलत नाहीत. विश्रांती चालू आहे, चांगलंच आहे. पट्टे कापून मडगार्ड काढलं. एका डब्यात मीठ ठेवता येईल.

६ सप्टेंबर, रविवार
कम्युनियन. वन्संच्या गाडीतून गेले. एकटीच. जाताना-येताना एक टोमणा नाही. चर्चच्या दारात माझा हात धरून उतरवलं फक्त. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
घरी आले तर हे सकाळच्याच खुर्चीत. पाच आठवड्यांची दाढी.
ह्यांचा वस्तरा पुसला, तेलाचं बोट लावून कपाटात ठेवला. गंजू नये म्हणून.