फ्लोके कुणासाठी उभी राहिली

सोमवार, २० नोव्हेंबर १९९५

प्रिय गुडरुन,

पत्र बघून दचकू नकोस. तीन घरं पलीकडे राहणाऱ्या बाईला कोण पत्र लिहितं, असं म्हणशील. पण हल्ली तुझ्याकडे आलं की ढाबळीतून आधी सिल्केच डोकावते, आणि तिच्यासमोर मला बोलायचं नाही. म्हणून हा उद्योग.

तू बरी असशील. माझं खुब्याचं हाड बरंच जुळलंय, जिना चढते. थंडी पडली. कबुतरांच्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. तुझ्याकडेही धरत असणार. सिल्के फोडते का तो? बँकेत जाणाऱ्या बाईला तेवढ्या सकाळी वेळ होतो का, म्हणून आपलं विचारलं.

आता अभिनंदन. आपल्या कबुतर मंडळाच्या पन्नासाव्या प्रदर्शनाचा करंडक तुझ्या लक्का कबुतराला, फ्लोकेला मिळाला, ही काही लहान गोष्ट नाही. शनिवारी तुला भेटायला येणार होते, पण तुमच्याभोवती फार गर्दी होती. खोटं कशाला लिहू, गर्दी काही नव्हती. मी बटाट्याच्या सुपाच्या पातेल्यामागे उभी होते आणि मुद्दाम आले नाही.

फ्लोकेच्या पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचली. ‘गुडरुन आणि सिल्के.’ चष्मा पुसून पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्या ‘आणि’च्या पुढे माझं नाव असायचं. वसंतात मी ऑपरेशनला गेले तेव्हा तू म्हणालीस, “तू हिंडूफिरू लागेपर्यंत सिल्के हाताशी असेल.” मी म्हटलं, बरं. मी हिंडूफिरू लागले गं. काठी टेकत तुझ्या फाटकापर्यंत आले, तर तुम्ही दोघी पिल्लांच्या पायात कड्या घालत होतात आणि हसत होतात. कशाला हसत होतात ते मला अजून कळलेलं नाही. मी तशीच परत फिरले. तुला वाटलं असेल, रोझविटाचं मन उडालं कबुतरांतून.

माझ्या नराला दुसरा नंबर. अध्यक्ष ओटमारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “थोडक्यात हुकलं हो, रोझविटाबाई. पुढच्या वर्षी.” मी म्हटलं, “हो ना.” आणि मागच्या टेबलावर तुमची सिल्के बिअरचा ग्लास धरून सगळ्यांना शिकवत होती. “विशेष काही नाही हो. रोज संध्याकाळी काडी घेऊन सराव घेतला. पक्षी आपला माणूस बरोबर ओळखतो.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि तू, गुडरुन, तू मान डोलावलीस.

म्हणून आता शुक्रवारचं सांगते. सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

तुला माहीतच आहे, परीक्षणाच्या दिवशी मालकांना हॉलमध्ये येऊ देत नाहीत. फक्त परीक्षक, आणि पिंजरे टेबलावर आणून ठेवणारे. यंदा लक्क्यांकडे माणूस कमी पडला आणि ओटमारने मला उभं केलं. आणणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. पक्षी आपला असो की दुसऱ्याचा.

माझा नर आधी झाला. छान उभा राहिला, छाती वर, शेपूट ताटासारखं गोल. मग मी फ्लोकेला आणून ठेवलं. ती कोपऱ्यात जाऊन बसली, पिळून टाकलेल्या मोज्यासारखी. परीक्षकाने काडीने हळूच डिवचलं तर आणखीनच आक्रसली. शेपूट मिटलेलं, डोकं पोटात. तुमच्या सिल्केचा रोजचा सराव.

मला आनंद झाला. स्पष्टच लिहिते. करंडक माझ्या हातात आल्यात जमा होता, त्यावर पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव लागलं असतं. करायचं काहीच नव्हतं, गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं हाच तर नियम.

तुला आठवतं का, आईबापांनी घरटं सोडलं तेव्हा फ्लोके केवढीशी होती? “जाऊ दे, हे काही जगत नाही,” तू म्हणालीस. मी तिला साखरेच्या भांड्यात घालून माझ्या स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी ठेवलं. प्रत्येक घासाआधी जीभ टाळूला लावून टक् करायचे. टक् झालं की ती मान ताणून चवड्यांवर उभी राहायची. तू हसायचीस, “पिल्लू वाढवतेयस की घोडा हाकतेयस?”

परीक्षकाने पेन कागदाला टेकवलं आणि माझ्या तोंडून टक् झालं. एकदाच, हळू. फ्लोके उठली. छाती पुढे, डोकं मागे शेपटीला टेकलेलं, आणि मानेची ती थरथर. परीक्षक म्हणाला, “अरे, बाईसाहेबांची झोप झाली वाटतं.” त्याला बाकी काही कळलं नाही. मी खाली बघत राहिले.

मोठेपणा सांगत नाही. सिल्केचं ते भाषण आधी ऐकलं असतं तर जीभ चावून धरली असती. तुमच्यासाठी मी काही केलं नाही. ती तशी बसलेली मला बघवेना, इतकंच.

ओटमारला सांगितलं तर करंडक परत जाईल. शनिवारपासून दोनदा फोन उचलला आणि ठेवला. नाही सांगणार. सांगितलं तर फ्लोके वाईट उभी राहते असं गावभर होईल, आणि ते मला ऐकवणार नाही.

पण जानेवारीत जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. तिथे पिंजरे उचलायला मी नसेन. तुला तो आवाज कधी जमला नाही, आणि सिल्केला मी शिकवणार नाही. ती मागायला आली तरी नाही. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या डिसेंबरात लिहायच्या असतात, त्या तूच लिहितेस. काय लिहायचं ते तू बघ.

खसखशीचा केक केला आहे. एकटीला संपत नाही. गुरुवारी सिल्केची बँक उशिरापर्यंत असते, तेव्हा ये. फ्लोकेला घेऊन ये म्हणजे मला बघता येईल तिला.

फ्लोकेला आणलं नाहीस तरी चालेल.

आणि रोझविटा