वाढत्या अंगाचा कॅमेरा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (मान अवघडली आहे, म्हणून जेवढं वाकता आलं तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की त्यांनी औषध बदलल्यावर खोकल्यानेही सूर बदलला? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेले पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही आणि याला कारण एक कॅमेरा आहे. तो कपाटात आहे, मी दुकानात आहे आणि खार (तुझी भाची, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव तूच पाडलंस) खिडकीत गुडघ्यात मान घालून बसली आहे.

मुळापासून सांगतो, म्हणजे माझी चूक किती थोडी आहे ते तुला कळेल. खार आता पंधरा वर्षांची झाली. वर्षभर ती आईच्या काच तडकलेल्या फोनवर फोटो काढते आहे. कसले, तर इस्त्रीतून निघणारी वाफ, खुंटीवरचा एका बाहीचा कोट, माझ्या दातांत धरलेला दोरा. मला वाटायचं, चुकून बटण दाबलं जातंय. पण तिच्या चित्रकलेच्या बाईंनी ते फोटो पाहिले आणि सुट्टीतल्या फोटोग्राफीच्या वर्गासाठी तिचं नाव सुचवलं. बाराच मुलं घेतात. महिनाअखेरीपर्यंत दहा फोटो द्यायचे, विषय 'घरातलं एक माणूस, कामात असताना', आणि ते खऱ्या कॅमेऱ्यावर काढलेले हवेत. माणूस म्हणून खारीने मला निवडलं. (तिची आई नर्स आहे आणि तिच्या वॉर्डात फोटो काढू देत नाहीत, हे कारण मी विचारात घेत नाही.) ताई, मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटला मी दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले.

मग आम्ही बापलेक कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. विक्रेता टाय बांधलेला होता (गाठ चुकली होती, मी बोललो नाही). त्याने पहिलाच प्रश्न टाकला, आरशाचा हवा की बिनआरशाचा? मी म्हटलं, आरशाचाच दाखवा, आमचं दुकान सव्वीस वर्षं आरशावरच चाललं आहे. तर म्हणे, हल्ली बिनआरशाचेच चांगले. मग आधी आरसा कशाला लावत होते, ते त्याने सांगितलं, पण मला कळलं नाही. पुढे म्हणे, ही किंमत नुसत्या बॉडीची, लेन्स वेगळी. म्हणजे कोट शिवायचा आणि बाह्यांचे पैसे निराळे! मग आलं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घ्यायचं भोक. तिथे आकडा लहान तर भोक मोठं आणि आकडा मोठा तर भोक लहान. असलं माप मी लोकांना लावलं असतं तर आमच्या दुकानाची पाटीसुद्धा शिल्लक राहिली नसती. मी मान डोलवत होतो, खार माझ्याकडे बघत होती आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शेवटी तो म्हणाला की आतल्या सेन्सरचे आकार असतात, लहान, मधला आणि पूर्ण. आकार म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

माझा नियम तुला माहीत आहे. शाळेचा गणवेश शिवायचा तर वाढत्या अंगाचा. बाहीला दोन बोटं जास्त, कमरेला आत दाब, खाली चार बोटं दुमड. पोरं पहिल्या वर्षी चिडतात, दुसऱ्या वर्षी गप्प बसतात आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याला देतात. खारीने सगळ्यांत लहान कॅमेरा उचलला, दोनदा डोळ्याला लावला आणि म्हणाली, "बाबा, हा हातात बसतोय." मी हसलो. आज नीट बसतोय म्हणजे पुढच्या वर्षी आखूड होणार, हे त्या पोरीला कसं कळावं? मी सगळ्यांत मोठा घेतला, वर कोपराएवढी लेन्स. (घरी आल्यावर तिच्या आईने विचारलं, पोरीचे पंजे अजून किती वाढायचे आहेत? मी टेप घेऊन मोजले. दोन वर्षांपूर्वी तिला हातमोजे शिवले होते, ते माप वहीत सापडलं. दोन वर्षांत पाव इंच. या हिशेबाने कॅमेरा तिच्या हातात एकतिसाव्या वर्षी बसेल. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.)

आता फोटोंचं ऐक. फोनवर ती कधी फोटो काढून जायची ते मला कळतही नसे. हा कॅमेरा उचलला की आधी तिचा दम लागलेला ऐकू येतो आणि मग जाड कापडावर कात्री चालवल्यासारखा आवाज होतो. तो समोर आला की मी आपोआप ताठ होतो. पोट आत, हनुवटी वर, टेप गळ्यात सारखी केलेली. पहिल्या दिवशी तर मी ठेवणीतला कोट घालूनच मशीनवर बसलो. खार म्हणायची, बाबा, काम करा ना. मी म्हणायचो, करतोच आहे. पण काम करताना आपण कसे दिसतो ते आठवत काम करायला गेलं की सुईत दोराही जात नाही. चाळीस फोटो झाले, चाळिसांतही मी पासपोर्टसाठी आल्यासारखा. मग तिने कॅमेरा कपाटात ठेवला आणि म्हणाली, "मी नाही जात वर्गाला. मला नाही येत." ताई, 'मला येत नाही' असं ही पोर पोहण्याबद्दलसुद्धा कधी म्हणाली नव्हती, आणि तिला पोहता येत नाही. मला फार लागलं ते. जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गुपचूप कॅमेरा परत करायला गेलो. विक्रेता म्हणाला, खोक्यासकट आणा. आता खोक्याचं काय सांगू! इतका सुरेख पुठ्ठा मी जन्मात पाहिला नव्हता. ताठ, गुळगुळीत, कापला तरी कड फुटत नाही. कुठल्या शिंप्याचा हात आवरेल? मी पहिल्याच दिवशी त्याचे कॉलरचे आणि खिशांचे साचे कापून खुंटीला लावले होते. घरी येऊन सगळे साचे गोळा केले (दोन कॉलर, चार खिसे, एक कफ), दुहेरी दोऱ्याने मशीनवर जोडले, कोपऱ्यांना पट्टी मारली आणि खोकं पुन्हा उभं केलं. विक्रेत्याने ते चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, आपल्या साहेबांना बोलावून दाखवलं, शिलाई उत्तम आहे यावर दोघांचं एकमत झालं आणि कॅमेरा काही त्यांनी परत घेतला नाही. (साहेबांनी दोन पँटी मात्र कमरेत सैल करायला दिल्या.)

तर असं सगळं आहे. यात नक्की चुकलं कोण, हे मला चार दिवस लिहूनही कळलेलं नाही. तुला कळलं तर मनातच ठेव. भावोजींना नमस्कार, गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. शेजारचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओवाला त्याचा छोटा कॅमेरा देऊन हा मोठा घ्यायला एका पायावर तयार आहे. त्याची गिऱ्हाइकं तशीही ताठच बसतात. अडचण एवढीच, की कॅमेरा आणला त्या दिवशी मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून बसलो, माझं माप कधी चुकत नाही. आता तीच शिवण माझ्या हाताने कशी उसवू?

आणखी ता. क. म्हणून तू मला एक खरमरीत पत्र लिही. खारीला नको, मलाच. 'ताबडतोब कॅमेरा बदल' असा सरळ हुकूम असू दे. मी ते टेबलावर उघडं टाकीन, सगळे वाचतील, मी थोडी कुरकुर करीन आणि ताईच्या शब्दाबाहेर कसं जायचं म्हणून बदलून आणीन. 'गाढवा' एकदा चालेल. तुला त्रास नको म्हणून मसुदा सोबत ठेवला आहे, फक्त तुझ्या अक्षरात उतरवून काढ. उशीर करू नकोस, महिना संपत आला.

आत्या, मी खार. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. डिंक संपला होता म्हणून पाकीट उघडंच होतं आणि मी वाचलं. सॉरी. बाबा हे पत्र चार दुपारी लिहीत होते. चष्मा कपाळावर सरकवून चष्मा शोधत होते, वाक्यं आधी खडूने टेबलावर लिहून बघत होते, एकटेच हसत होते, एकदा बाहीने डोळे पुसले. मी कपाटातून कॅमेरा काढला, तो एवढा मोठ्याने वाजतो तरी त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. नऊ फोटो झाले. बाई म्हणाल्या, पत्र लिहिणं हे काम कसं म्हणायचं, मग फोटो बघितले आणि म्हणाल्या, हे तर फारच कष्टाचं काम दिसतंय, चालेल. पण दहावा राहिला आणि पत्र संपलं. तेव्हा आत्या, तो मसुदा उतरवू नकोस. लगेच तुझं तू लिही आणि त्यात अशी काहीतरी शंका विचार, की उत्तर द्यायला बाबांना निदान एक अख्खी दुपार लागेल. कॅमेरा आपण त्यानंतर बदलू.