सात नंबरची आई

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा बर्फाचा डबा प्रयोगशाळेत पोचला. झाकणाखाली पत्र बघून साहेब हसले. डुकरांच्या विष्ठेबरोबर खुशाली कळवणारं घर त्यांनी आमचंच पाहिलं म्हणे.

तुझी काळी आणि पांढरी डुकरं एकच खाद्य खातात, तरी काळ्यांच्या पाठीवर चरबीचा थर जवळजवळ दुप्पट आहे. दोन्ही जातींच्या आतड्यांतले जिवाणूही वेगळे. एवढीशी मंडळी, पण घर कसं धरून असतात! मला तर त्यांचं वेडच लागलंय.

पण एक घोळ झालाय. तुझं सात नंबरचं पांढरं डुक्कर आतल्या जिवाणूंवरून चक्क काळं निघालं. साहेबांच्या मते तू डब्यांची अदलाबदल केलीस. तसं असेल तर तुझ्याकडचे सगळेच नमुने बाद, म्हणजे माझं वर्षभराचं काम पाण्यात. पण सातची चरबी मी तिथे येऊन स्वतः मोजली होती, आणि तीही जास्तच होती. काय झालं असेल ते खरं खरं लिही.

आई बरी आहे, अजून काडीच. मी मात्र तुझ्यासारखी गोल. सगळे आजीच्या रक्ताला दोष देतात.

माया असू दे.
तुझी ठमी


९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

साहेबांना सांग, डब्यांवर चिठ्ठ्या मी स्वतः लावते, तेही चष्मा लावून. अदलाबदल मुळीच नाही.

तरी चूक माझीच आहे. सात नंबर जन्मला त्याच दिवशी त्याची पांढरी आई गेली. त्या वेताचं एवढं एकच पिल्लू वाचलं. एक काळी आदल्या दिवशी व्यायली होती. पण डुकरीण परकं पिल्लू वासावरून ओळखते आणि चावते. म्हणून मी नेहमी करते तेच केलं. काळीच्या पेंढ्यात, तिच्याच घाणीत त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळून काढलं आणि तिच्या पिल्लांत सोडलं. तिनं हुंगलं आणि निमूट आडवी झाली.

तुझ्या तक्त्यात ‘आई’ असा एकच रकाना होता. जन्म पांढरीनं दिला, म्हणून तिचा नंबर लिहिला. पुढे सांगायचं सुचलंच नाही. एकदा दुधाला लागलं की त्याला परकं म्हणायचं नाही, ही माझी खोड. तू झालीस तेव्हा तुझी आई वर्षभर दवाखान्यात होती आणि तू माझ्या धाकट्याच्या जोडीनं माझ्याच दुधावर वाढलीस. कुणी ‘ही भावाची का?’ विचारलं की माझं डोकं फिरायचं.

या खोडीपायी तुझं काम बुडालं तर मला घास गोड लागायचा नाही. साहेबांपुढे उभं राहायचं तर येते, डब्यासकट.

जिवाला जप.
आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं. मग राखून ठेवलेला काळीचा नमुना काढला. सातचे जिवाणू तिच्याशी जुळले! काम वाचलं गं.

एका जनावरावरून काही सिद्ध होत नाही, असं साहेब म्हणतात. पण प्रश्न लाखमोलाचा आहे, असंही म्हणतात. पुढच्या वेताला दहा पांढरी पिल्लं काळ्यांकडे आणि दहा काळी पांढऱ्यांकडे द्यायची आहेत. पेंढ्यात कसं चोळायचं ते शिकायला ते स्वतः वही घेऊन तुझ्याकडे येताहेत. जुने कपडे घालून जा, असं मी बजावलंय. एवढी यंत्रं असून आम्हाला जे विचारायचं सुचलं नाही, ते तू हातानं करून बसली होतीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, आत्या. आणि माझ्या गालांचा दोषही आता आजीवर राहिला नाही.

तक्त्यात दोन रकाने केलेत, जन्म देणारी आणि दूध पाजणारी.

प्रबंधाच्या अर्जावरही आईच्या नावासाठी एकच ओळ होती. मी तिच्याखाली दुसरी आखली आणि तुझं नाव लिहिलं. भीत भीतच आईला दाखवलं. ती म्हणाली, अक्षर जरा मोठं काढ, तिला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

आहे ती माया अशीच राहू दे.
तुझीच,
ठमी