मंगेशचा उजवा पाय

मंगळवार, संध्याकाळ

जेवण गेलं नाही. तो उजवा पाय डोळ्यांसमोरून हलतच नाही.

आज बऱ्याच दिवसांनी लकडगंजच्या मैदानावर गेले. माझा धाकटा भाऊ मंगेश मोठ्या संघातून कबड्डी खेळतो आणि त्याच्या कमाईवर बाबा उमरेड-भिवापूरकडच्या गरीब पोरांना इथे ठेवून तोच खेळ शिकवतात. दिवेलागण झाली होती. एकेक पोर 'कबड्डी कबड्डी' पुटपुटत चढाईला जायचं आणि परतताना उजवा पाय किंचित ओढायचं. एक झालं, दुसरं झालं, मग चिमुकली सुगंधासुद्धा तशीच आली. अंगावर काटा आला माझ्या.

"पाय दुखते का वं?" मी तिला विचारलं.

"नाही ताई. मंगेशदादा असेच तर वापस येतात."

बाबा रोज त्यांना मंगेशचे ताजे सामने दाखवतात आणि तस्संच करून घेतात. "पाहा वं, हुबेहूब मंगेश!" केवढे खूश होते! पण मंगेश असा कधी होता? त्याच्यामागे पळून मीच धापा टाकायचे. बाबांना हे दिसत कसं नाही?

घरी येऊन त्याला फोन लावला. "उजवा पाय कसा आहे गा?"

तो हळूच म्हणाला, "कोणी सांगितलं तुले?"

"दुखते का?" मी विचारलं.

"बाबाले सांगू नको ताई. मी बसलो तर पोरांचं काय होईल?"

पोरांचं काय होऊन राहिलंय, ते सांगायला माझी जीभच उचलली नाही.