धुऊन गेलेली चरबी

सर, आज सोनईला आपल्या कॉलेजात माझं व्याख्यान झालं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा मी हल्ली काय करते ते आधी सांगते. पेशींना कसलाही रंग न लावता सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. दोन लेझर किरण एकाच ठिपक्यावर पाडायचे आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक चरबीच्या रेणूंच्या कंपनाशी जुळवायचा. मग चरबी असेल तिथूनच खूण मिळते, बाकी सगळं काळोखात राहतं. फरक थोडा बदलला की प्रथिनं दिसतात. तुम्ही नक्की विचारलं असतंत, मग दिवसभर करता काय? बराचसा वेळ आम्ही किरण जुळवत बसतो, सर.

व्याख्यानाची सुरुवात मी नेहमी माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या गोष्टीने करते. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, कातडीच्या छेदाची स्लाइड. सगळं गुलाबी-जांभळं दिसतंय, तळाशी मात्र पांढरी, रिकामी वर्तुळं. वडिलांचं मटणाचं दुकान, त्यामुळे बोकडाच्या कातडीखाली काय असतं हे मला पोरवयापासून ठाऊक. मी ती वर्तुळं भरून टाकली. चरबी पांढरी, कागदही पांढरा, म्हणून पिवळ्या पेन्सिलीने. तुम्ही जर्नल सगळ्यांसमोर वर धरलंत.

"हे पिवळं कुठं दिसलं तुला?"

"सर, चरबी हाय ती."

"मला तर दिसत न्हाई. दुकानातलं ज्ञान दुकानात ठिवून येत जा."

वर्ग हसला. तुम्ही लाल शाईने चित्रावर काट मारलीत. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता या जागी श्रोते हसतात, मग मी पडद्यावर आमच्या सूक्ष्मदर्शकातलं चित्र लावते. तीच वर्तुळं, चरबीने गच्च भरलेली. टाळ्या पडतात.

पुढचं मी व्याख्यानात सांगत नाही. त्याच रविवारी तुम्ही आमच्या दुकानापुढे उभे. खर्डा गावाकडचे, घरात अंडंही न आणणारे तुम्ही, मटणाच्या दुकानाची पायरी चढता. वडील हात पुसत पुढे येतात. "मास्तर, वाट चुकला काय?" तुम्ही म्हणता, "न्हाई, थोडी चरबी पायजे." वडील माझ्याकडे बघतात, मी काहीतरी करून बसलेय अशा नजरेने. तुम्ही ती पिशवी अंगापासून लांब धरून घेऊन गेलात. सोमवारी तास संपल्यावर मला थांबवलंत आणि झायलीनची बाटली दाखवलीत. स्लाइड करताना तुकडा ज्यातून काढतात, तेच झायलीन. दुकानातून नेलेली चरबी तुम्ही त्यात टाकून ठेवली होती, तळाशी नुसता एक पापुद्रा उरला होता. "धुताना जाते ती. पोकळी न्हवती, तुझं बरोबर हाय." मग जर्नल उघडून पाहिलंत आणि मिटलंत. "पन तू पाहिली न्हवतीस. माहीत हुतं म्हणून काढलीस. काट राहू दे."

त्या वयात मला ते पटलं नाही. आता माझ्या हाताखालच्यांना मी दुसरं काही शिकवत नाही. तरी व्याख्यानात ही बाटली आणली की गोष्ट लांबते आणि हसू येत नाही, हे मी एकदा करून पाहिलं आहे. तेव्हापासून ती मी वगळते. तुमचं नावही घेत नाही, आणि त्याला सभ्यपणा समजते.

आज पहिल्या रांगेत तुमच्या पत्नी, आमच्या काकू होत्या. थकल्या आहेत, पण ऐकू चांगलं येतं. लाल काटेपाशी सगळे हसले तेव्हा त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. नंतर चहाच्या वेळी माझा हात धरून म्हणाल्या, "लई शिकलीस बाई. आन ते सर कोन गं? लईच कडक दिसत्यात. आमचे न्हवते तसे."

मी म्हणाले, "होते एक."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, त्याला इलाज नाही. काकूंचं घर मात्र कॉलेजच्या मागेच आहे, मला माहीत आहे. तिथेही मी ते देणार नाही.