वाळवंटातलं हळदीकुंकू

पुणे, २ जानेवारी २०२६

चि. रुचास, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. संक्रांतीला तू एकटी कुठल्याशा बेटावर, वाळवंटातला डोंगर चढायला जाणार म्हणतेस. ऐन थंडीत! आणि तोही ज्वालामुखीचा मुलूख. डोकं ठिकाणावर आहे ना? चंद्रहासला जाऊन दोन वर्षं होतील. मुलगा गेला, सून तरी राहू दे.

तुझ्या तिथल्या मैत्रिणीने, तेजश्रीने, हळदीकुंकवाला बोलावलंय ना? मग आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांध. हे गेल्यापासून बावीस वर्षं मी तेच केलं, काही झिजले नाही. तिथे पाय घसरला तर कळवणार कोण, आणि कोणाला?

बेत रद्द केल्याचं उलटटपाली लिही.

तुझ्या काळजीत,
लीलावती

फुनाबोरी, तोक्यो, १५ जानेवारी

ती. आईंस, शि. सा. नमस्कार.

बेत रद्द केला नाही. काल जाऊन आले, दोन्ही पाय जागेवर आहेत.

तेजश्रीने गोड आवाजात विचारलं, की मी आतलं बघेन का. माझं टाळकंच सटकलं. बाहेर बायका वाण लुटणार आणि मी चहा गाळणार? नाही म्हणजे नाही! ऑफिसात सुट्टी टाकली आणि सकाळच्या बोटीने ओशिमा बेट गाठलं.

बंदरावरच्या काकांनी कागद भरायला दिला. वाट कोणती, परत कधी, सोबत कोण, कोणाला कळवायचं. ‘सोबत’वर काट मारली, ‘कळवायचं’ तिथे तुमचं नाव लिहिलं. जपानमध्ये कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असतील, पण धावत येणाऱ्या याच.

पुढे नुसती काळी राख, झाड नाही की आडोसा नाही. वारा असा, की दोनदा चक्क खाली बसले. रडले, आई. चंद्रहासवर ओरडलेसुद्धा, दरवेळी ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणायचा म्हणून. पण माथा गाठलाच. पहिल्या संक्रांतीला तुम्ही दिलेली काळी साडी गळ्याभोवती गुंडाळली होती. तिथे करंडा काढून स्वतःच कुंकू लावलं. हळद वाऱ्याने नाकात गेली, शिंकून बेजार झाले.

तुमचं वाण पाठवतेय: कुंकवाची पुडी, आणि गुडघ्यांना लावायला गरम होणाऱ्या पिशव्या. रागवा हवं तर, पण माया आटवू नका.

तुमचीच,
रुचा

पुणे, २७ जानेवारी

चि. रुचास, अनेक आशीर्वाद.

तुझे कान उपटणार होते. पण पत्र शुक्रवारी आलं, आणि रविवारी, रथसप्तमीला, शेजारच्या सुमनकडे हळदीकुंकू. दरवर्षीसारखं आतलं बघायला सांगून गेली.

मी कपाटातली काळी साडी नेसले, गुडघ्यांना तुझ्या पिशव्या बांधल्या आणि सरळ बाहेर सतरंजीवर जाऊन बसले. करंडा घेतलेला सुमनचा हात माझ्यापाशी येऊन अडला. मग मी तुझी पुडी उघडली आणि माझ्याच हाताने कुंकू लावलं. निम्मं नाकावर सांडलं गं. सुमनने वाण हातात ठेवलं. चहाची गाळणी! घे म्हणावं.

काही झिजले नाही, असं तुला लिहिलं होतं ना, ते खोटं होतं.

पासपोर्टचा अर्ज भरलाय. पुढच्या संक्रांतीला त्या कागदावर ‘सोबत’पुढे काट मारू नकोस. माझं नाव लिही. गुडघ्यांचं मी बघते.

तुझी,
लीलावती